तायडे सर आणि फ्री थ्रोची रेघ

कॉलेजच्या स्मरणिकेसाठी मुलांच्या बास्केटबॉल टीमचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं, ते मी ग्रंथपाल म्हणून. ज्याच्या ताब्यात पुस्तकं, त्याला लिहिताही येतं, असा आमच्या प्राचार्यांचा समज होता. मला बास्केटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. वाचनालयाच्या खिडकीबाहेर मैदान आहे, तिथे दिवसभर बॉल आपटतो आणि त्या आवाजात माझ्या नोंदी चुकतात, एवढीच माझी त्या खेळाशी ओळख. म्हणून मी सरळ तायडे सरांना गाठलं. म्हटलं, तुम्ही सांगा, मी लिहून घेते.

तो इतिहास छापून आला. दीड पान, फोटोसकट. सर गेले त्याला आता वर्ष होत आलं. त्या दीड पानात जे येऊ शकलं नाही ते मला लिहून टाकायचं आहे, कारण ते माझ्या डोक्यातून जात नाही.

तायडे सर आमचे शारीरिक शिक्षण संचालक. हुद्दा असा भारदस्त, पण अख्ख्या चिखलीत ते पीटी सर. बास्केटबॉल शिकवणाऱ्या माणसाच्या मानाने फारच बुटके. टीमच्या फोटोत ते नेहमी खुर्चीवर बसलेले दिसतात, ते मानाने नव्हे, सोयीने. पांढरे कॅनव्हासचे बूट, बाह्या दुमडलेला शर्ट आणि शर्टाच्या खिशात शिट्टी. शिट्टी गळ्यात का अडकवत नाही, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "मी काय बैल हाव, गळ्यात बांधून फिराले?" प्राचार्य असोत, विद्यापीठातून आलेले पाहुणे असोत, सरांची भाषा हीच. पुण्याच्या एका पाहुण्याने त्यांना कौतुकाने "तुम्ही किती गोड बोलता" म्हटलं होतं. सरांनी त्याच्याशी पुन्हा बोलायचं टाळलं.

ते नोकरीला लागले तेव्हा कॉलेजला मैदान नव्हतं, मागे बाभळीचं रान होतं. ते त्यांनी पोरांना घेऊन साफ केलं, मुरूम टाकला, पाणी मारून रोलर फिरवला. खांब आणि बोर्ड गावातल्याच वेल्डरकडून करून घेतले. टीम तयार झाली तेव्हा चांगले बूट होते पाच जोड. सगळे आठ नंबरचे, कारण दुकानात तेवढेच मिळाले. मग सरांनी निवडीची अशी रीत पाडली की आधी पोराचा पाय बघायचा, मग उंची. आठ नंबरचा पाय असला की अर्धी निवड झाली. मॅचमध्ये खेळाडू बदलायचा म्हणजे आतल्याने बाहेर यायचं, बूट काढायचे, बाहेरच्याने ते चढवून आत पळायचं. पंच घड्याळ बघत उभे. पुढे बूट मिळाले, पण बरीच वर्षं आमच्या टीमला विद्यापीठात "आठ नंबरवाले" म्हणत. सर हे हसत सांगत.

दर सोमवारी सकाळी ते चुन्याने मैदान आखत. गाठी मारलेली सुतळी, दोन खुंट्या आणि नियमांचं पुस्तक. ते पुस्तक वाचनालयाचं. मी रुजू होण्याच्या आधीपासून त्यांच्याकडे होतं आणि माझ्या कोणत्याही स्मरणपत्राला त्यांनी दाद दिली नाही. रेघा ओल्या असताना मैदानात पाय टाकायची कुणाची छाती नव्हती. एकदा प्राचार्य घाईत होते, सरळ मधून निघाले. सर शांतपणे म्हणाले, "साहेब, या तुम्ही, पन बाजूनं या." प्राचार्यांना चाळीस पोरांसमोर मागे वळून वळसा घालावा लागला. त्या महिन्यात क्रीडा विभागाचा एकही कागद वेळेवर सही होऊन आला नाही. सरांना त्याचं काही नव्हतं. रेघ पुस्तकाबरहुकूम पडली की त्यांचा सोमवार चांगला जायचा.

त्यांचा सगळा जीव फ्री थ्रोवर. मलाही ते काय असतं हे त्यांनीच समजावलं. कुणी तुम्हाला खेळताना धक्का दिला की खेळ थांबतो, तुम्ही रिंगसमोरच्या रेघेवर उभे राहता आणि मोकळेपणी बॉल टाकता. कुणी अडवायचं नाही. सर म्हणत, गरिबाच्या टीमसाठी हाच खेळ, याला ना उंची लागते ना महागडे बूट. प्रत्येक पोराने रोज शंभर फ्री थ्रो मारायचे. शेवटचे दहा डोळे मिटून. "डोक्याले समजलं का नाही ते सोडा, हाताले समजलं पाह्यजे. हात विसरत नसते." हे वाक्य मी खिडकीतून इतक्या वेळा ऐकलं की मला ते पाठ झालं.

आणि खरंच, आमच्या मैदानावर पोरं डोळे मिटून बॉल रिंगमध्ये टाकत. बाहेरून आलेल्या टीमचे मात्र इथे फ्री थ्रो आखूड पडायचे. बुलडाण्याकडून येणारं वारं आपल्या लोकांनाच कळतं, असं सर अभिमानाने सांगत. गंमत अशी की आमची पोरं बाहेर गेली की नेमकी फ्री थ्रोलाच मार खात. पळण्यात, पासिंगमध्ये कुणाला ऐकायची नाहीत, पण रेघेवर उभी राहिली की बॉल रिंगच्या मागच्या कडेला लागून उसळायचा. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेची फायनल आम्ही चार वेळा खेळलो आणि चारही वेळा हरलो, दर वेळी एक-दोन गुणांनी. सरांनी त्याचं निदान केलं होतं. पोरं घाबरतात. खेड्यातली आहेत, मोठं स्टेडियम, लख्ख दिवे बघून छातीत धडधडतं. त्यावर त्यांच्याकडे औषध एकच, आणखी शंभर फ्री थ्रो.

चौथ्या फायनलला मी तिथे होते. कॉलेजचा अर्धा स्टाफ विद्यापीठाच्या गावी गेला होता. आमचा मुख्य खेळाडू राजू खरात, बीबी गावचा. लांब हाताचा, कमी बोलणारा. बाकीचे शंभर मारायचे तर हा दोनशे. मी सकाळी वाचनालय उघडायला यायचे तेव्हा तो घामाने भिजून परत रूमवर निघालेला असायचा. शेवटच्या क्षणी आम्ही एका गुणाने मागे होतो आणि राजूला धक्का लागला. दोन फ्री थ्रो. एक गेला तर बरोबरी, दोन्ही गेले तर विद्यापीठाची ढाल चिखलीत. त्याने डोळे मिटले, उघडले आणि बॉल टाकला. रिंगच्या मागच्या कडेला लागून बाहेर. दुसरा अगदी तसाच, जणू पहिलाच परत टाकला.

परत येताना एसटीची साधी गाडी होती, बाकीचे प्रवासीही होते. खामगावला चहा झाला. गाडी सुटल्यावर सर दांडी धरून उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "खरात, तुह्या हातात काही खोट नाही. खोट तुह्या छातीत हाय. ऐन वेळेले घाबरतो तू. जन्मभर असाच घाबरशीन."

राजू खाली बघत होता. पुढच्या सीटवरच्या एका बाईने वळून त्याच्याकडे बघितलं. आम्ही मास्तर माणसं होतो आठ-नऊ जण, कुणीही काही बोललं नाही. मीही नाही. मला राग आला होता, पण तो मी चिखलीपर्यंत गिळून ठेवला आणि घरी जाऊन झोपले. दुसऱ्या दिवशी राजूने बूट पुसून सरांच्या खोलीत ठेवले आणि तो मैदानावर पुन्हा आला नाही. दोन वर्षांनी पदवी घेऊन गेला. सरांनी त्याचं नाव काढणं सोडलं.

या गोष्टीला पंधरा-सोळा वर्षं होऊन गेली होती. सरांच्या निवृत्तीला दोन महिने उरले असताना सिमेंटचं मैदान मंजूर झालं. सलीम मिस्त्री कामाला आला. जुने खांब उपटून नव्या जागी रोवायचे म्हणून त्याने मापं घ्यायला सुरुवात केली. सर पुस्तक उघडून शेजारी उभे. मी खिडकीत होते. खांब मैदानाच्या बाहेर असतो, आणि त्याला आडवा हात जोडून बोर्ड आत आणलेला असतो. मिस्त्रीने शिडीवर चढून बोर्डाला ओळंबा लावला, खाली जमिनीवर खूण केली आणि तिथून शेवटच्या रेघेपर्यंत टेप धरला. मग टेप पुन्हा धरला.

"सर, हे तीन फूट भरून राह्यलं," तो म्हणाला. "तुमच्या किताबात तर चार हाय."

सरांनी त्याच्या हातातून टेप घेतला. स्वतः मोजलं. मग भर उन्हात चालत दुसऱ्या टोकाला गेले, तिथे ओळंबा लावायला लावला. तिथेही तीनच. सर तसेच फ्री थ्रोच्या रेघेवर खाली बसले. पांढरी पँट, चुना, कशाचंही भान नाही. मी पाणी घेऊन धावत गेले. मला वाटलं ऊन लागलं.

पाणी बाजूला ठेवून त्यांनी मला सांगितलं ते असं. खांबासाठी आणलेले पाइप ठरावीक लांबीचे होते. उभे खांब कापल्यावर जो तुकडा उरला त्याचे वेल्डरने आडवे हात केले. थोडे आखूड होतायत, असं तो म्हणालाही होता. सर त्याला म्हणाले होते, चालते, खाली रेघा मी बरोबर मारतो. आणि त्यांनी मारल्याही. दर सोमवारी पुस्तकाप्रमाणे, शेवटच्या रेघेपासून मोजून. रिंगची उंचीही दर पंधरवड्याला मोजली. बोर्ड किती पुढे आलाय, हे मात्र त्या दिवसानंतर एकदाही बघितलं नाही. त्यामुळे आमच्या रेघेवरून रिंग एक फूट जास्त लांब होती. पोरांचे हात तेच अंतर शिकले. बाहेर गेलं की बॉल फूटभर पुढे जायचा. बाहेरच्यांचा इथे आखूड पडायचा, त्यात वाऱ्याचा काही संबंध नव्हता.

"म्हंजे जो जास्त मेहनत करे, तोच जास्त चुके," सर म्हणाले. "खरात दोनशे मारे, मॅडम."

मी समजूत घालायला गेले. म्हटलं, सर, झालं गेलं, आता नवीन मैदान बरोबर होईल, सोडून द्या. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला माझीच लाज वाटली. "मले सोडता येईन," ते म्हणाले. "त्याले कसं सुटन?"

स्मरणिकेच्या लेखात ही चूक लिहायची असा त्यांनी हट्ट धरला. मी लिहिली. प्राचार्यांनी तो परिच्छेद काढला. संस्थेची शोभा होते, म्हणाले, शिवाय चार उपविजेतेपदं हा अभिमानाचा विषय आहे. सर वाद घालत बसले नाहीत. दुसऱ्या दिवशी वाचनालयात आले आणि म्हणाले, बीबीला जायचं आहे, तुम्ही संग चला. मी विचारलं, मी कशाला? म्हणाले, "तुम्ही बसमंदी होत्या. तवा ऐकलं, आता हेही ऐका."

राजूचं बीबीला रस्त्यावर मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीच्या जळालेल्या मोटारींचा ढीग, तांब्याच्या तारेची रिळं. आम्हाला बघून तो हात पुसत उठला, सरांच्या पाया पडला, चहा सांगितला. जाडजूड झाला होता, कानावर केस पांढरे. सर बसले नाहीत. कोळशाचा तुकडा उचलून त्यांनी दुकानाच्या फरशीवर खांब काढला, बोर्ड काढला, रेघ काढली आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, वेल्डर बोलला होता तेही. शेवटी म्हणाले, "तू घाबरला नव्हता. मी चुकलो होतो."

राजू त्या आकृतीशी उकिडवा बसला. मग त्याने एकच प्रश्न विचारला, दोन्ही बाजूला तेवढंच कमी होतं का? सर म्हणाले, हाव.

"सर, मी पोलीस भरतीचा फॉर्म भरला होता," राजू म्हणाला. "ग्राउंडच्या दिवशी गेलोच नाही. म्हनलं, ऐन वेळेले आपल्याच्यानं होत नाही, उगा काऊन जा."

चहा आला. त्याने आम्हाला कप दिले, स्वतः घेतला नाही. मोटारीच्या ढिगाकडे बघत तो म्हणाला, "तवा बस भरून होती, सर. आज तुम्ही अन् मॅडमच हाय." आवाजात राग नव्हता. असता तर सरांना सोपं गेलं असतं.

परतीच्या गाडीने आम्ही चिखलीला आलो. उतरताना सर म्हणाले, त्या टीमच्या बाकीच्या अकराही जणांचे पत्ते काढून द्या. स्मरणिकेमुळे बहुतेकांचे नंबर माझ्याकडे होतेच. मी म्हटलं, सर, फोन करा ना, गुडघे दुखतात तुमचे. "त्याले काय मी फोनवर म्हनलं होतं?" एवढंच म्हणून ते चालू लागले.

निवृत्तीनंतरचं पहिलं वर्ष त्यांनी यात घालवलं. माणसं निवृत्त झाली की तीर्थाला जातात, हे एसटीने मोताळ्याला, देऊळगाव राजाला, वाशीमला जात. परत आले की वाचनालयात येऊन मला वृत्तान्त. चिखलीच्या बाजारात अडत चालवणाऱ्याला वाटलं सर वर्गणी मागायला आले, त्याने आधीच तोंड वाकडं केलं. एकाला तर ती फायनलच आठवत नव्हती. सरांनी त्याला आधी सगळी मॅच आठवून दिली, राजूचे दोन्ही फ्री थ्रो आठवून दिले, आणि मग ते राजूमुळे हुकले नव्हते हे सांगितलं. एक जण अपघातात गेला होता. सर त्याच्या घरी गेले, त्याच्या म्हाताऱ्या आईला अंगणात बसून बोर्ड, रेघ, एक फूट सगळं समजावलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, बरं झालं सांगितलं, आता जेवून जा. सर जेवून आले.

दर वेळी मी विचारायचे, राजूचा काही फोन? सर मान हलवत, नाही. त्याला आपण कुणाकुणाला भेटलो हे कळवायचं त्यांना पटत नव्हतं. ते त्यांना पावती मागितल्यासारखं वाटायचं. गुडघे फार झाले होते, जिना चढताना ते कठडा धरून प्रत्येक पायरीवर थांबत. मला वाईट वाटायचं आणि त्यांच्यावर रागही यायचा. एका माणसाला बोललेल्या दोन वाक्यांपायी माणसाने किती हिंडावं? पण मी ते बोलून दाखवलं नाही. त्या बसमध्ये मी गप्प बसले होते, मला आता बोलायचा हक्क नव्हता.

शेवटचा राहिला तो सुरतेला. कापडाच्या कारखान्यात सुपरवायझर. सरांनी त्याला मात्र बरेच महिने लांबणीवर टाकलं, रेल्वेचा प्रवास, गुडघे. मग पावसाळा संपल्यावर मी माहेरी मलकापूरला गेले होते, बहिणीला गाडीत बसवून स्टेशनवरून परत निघाले, तर बाकावर सर. पांढरे कॅनव्हासचे बूट, कडेला औषधांची पिशवी. आणि शेजारी दोघांच्या पिशव्या मांडीवर घेऊन राजू खरात.

मला बघून राजू उठला. मी काही विचारायच्या आधीच म्हणाला, "एकेकाचे फोन येत गेले मले. अडतवाल्याचा, मोताळ्याचा, सगळ्यांचे. सरांनी सगळ्यांले सांगितलं, मॅडम, पन मी एकदाबी त्यातल्या कोनाच्या समोर बसून ऐकलं नाही. म्हनलं, सुरतले आपन संग जाऊ."

सर दुसरीकडे बघत होते. मी त्यांना तब्येतीचं विचारलं, त्यांनी हाताने बरं आहे म्हटलं. त्या दोघांत काय बोलणं झालं होतं, झालं होतं की नव्हतं, मला माहीत नाही. गाडी आली. जनरलचा डबा खच्चून भरलेला. राजू आत घुसला, खिडकीशी जागा धरली आणि सरांना हात देऊन वर घेतलं. मी खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. सर काही बसेनात. राजूने दोनदा हात ओढला, तरी उभेच. मग त्यांनी राजूलाच खांदा दाबून त्या जागेवर बसवलं, वरची दांडी धरली आणि डब्याकडे तोंड केलं.

"भाऊ, जरा ऐका," सर म्हणाले, मैदानावरच्या आवाजात. "हा माह्या टीमचा राजू खरात."

डब्यातली माणसं वळून बघू लागली. कुणी पत्ते खेळत होतं, कुणी भेळ खात होतं, तेही थांबले. गाडी हलली. सर एका हाताने दांडी धरून दुसऱ्या हाताने हवेत बोर्ड आणि रेघ दाखवत होते. पुढचं मला ऐकू आलं नाही. राजू मान वर करून बसला होता.